परकार आणि पारकर

इंग्रजीत दोघांचंही आडनाव एकसारखं लिहितात. त्यामुळे जुनी स्कोअरकार्डं चाळताना रत्नागिरीचे रामनाथ पारकर आणि चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम परकार यांची हमखास गल्लत होते. त्यात दोघंही मुंबईचे सलामीवीर, दोघंही कव्हरला चपळ, आणि दोघांनीही सुनील गावसकरांबरोबर डाव सुरू केलेला. रामनाथना १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध दोन कसोटी मिळाल्या. पुढे १९९५ च्या अपघातानंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. १९९९ मध्ये गेले.

गुलामभाईंना कसोटी मिळाली एकच. जून १९८२, लॉर्ड्स. धावा ६ आणि १.

आमच्याकडे नाक्यावर क्रिकेटचा विषय निघाला की कुणीतरी हे दोन आकडे काढतंच, आणि तेही आपलीच माणसं. मला राग येतो. पहिल्या डावात अख्खा भारतीय संघ १२८ धावांत गारद झाला होता, फॉलोऑन मिळाला होता. समोर विलिस आणि बोथम. दुसऱ्या डावात वेंगसरकरांनी १५७ काढल्या, कपिलने ८९, तरी आपण हरलो. पण पुढच्या कसोटीतून बाहेर कोण? जो पहिल्यांदा खेळत होता तो.

आणि ही संधी त्यांना कुणी दया म्हणून दिलेली नव्हती. १९८१-८२ च्या रणजी मोसमात बंगालविरुद्ध गावसकरांनी ३४० केल्या, त्यांची कारकिर्दीतली सर्वोच्च खेळी. ती सगळ्यांना पाठ आहे. त्या सलामीच्या भागीदारीत ४२१ धावा झाल्या, आणि दुसऱ्या टोकाला कालुस्त्याचा मुलगा होता. त्याच्या १५६. एवढा वेळ गावसकरांच्या बरोबरीने उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याने लाल चेंडू खेळलाय त्याला विचारा. (धाकटेपणी मी टेनिस चेंडूवरच थांबलो, त्यामुळे मला विचारू नका.) भाऊ झुल्फिकार हेही मुंबईचे यष्टिरक्षक, एका कोकणी मुसलमान घरातले दोघं मुंबईच्या रणजी संघात.

१९८४ मध्ये शारजात पहिला आशिया चषक झाला. श्रीलंकेला आपण दहा गडी राखून हरवलं. सुरिंदर खन्ना नाबाद ५१, गुलाम परकार नाबाद ३२. चषक भारताने जिंकला. त्याच वर्षी, दहा एकदिवसीय सामन्यांवर, त्यांचं भारतासाठी खेळणं संपलं.