हार्ड डिस्क, कोतवाल पंजी आणि नागऱ्याचे पाच पत्ते

१९५६ या सालात दोन घटना दोन महिन्यांच्या आत घडल्या. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत आयबीएमने 'रॅमॅक' हा संगणक जाहीर केला. जगातली पहिली हार्ड डिस्क त्यात होती. १ नोव्हेंबरला आपल्याकडे राज्यांची पुनर्रचना झाली आणि मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. भंडारा त्यांपैकी एक. गोंदिया शहराजवळचं, जुन्या शिवमंदिरासाठी ओळखलं जाणारं नागरा त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होतं.

या दोन घटनांचा आज एकमेकांशी संबंध आला आहे, तो कागदपत्रांमुळे.

नागऱ्यातल्या एखाद्या घराने गाव कधीच सोडलं नसेल, तरी त्याच्या कागदांवर पाच पत्ते सापडतात. आजोबांच्या कागदावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड', १९५० नंतर 'मध्य प्रदेश', १९५६ नंतर 'मुंबई राज्य', १९६० पासून 'महाराष्ट्र', आणि १ मे १९९९ पासून जिल्हा भंडाऱ्याऐवजी गोंदिया. जुनी नक्कल काढायला कुठे जायचं, हा प्रश्न त्यामुळे आपल्या भागात नेहमीचा.

मुस्लिम ओबीसी कुटुंबांना हा प्रश्न जास्त छळतो. महाराष्ट्रात ओबीसी जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागितले जातात. पिंजारी, मोमीन, तांबोळी, बागवान अशा घरांतला मुलगा किंवा मुलगी प्रवेशासाठी उभी राहिली की शोध सुरू होतो: कोतवाल पंजीतली जन्मनोंद, शाळेचा दाखल-खारीज, अधिकार अभिलेख. त्यात अनेक नोंदींत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग व्यवसाय किंवा जात दाखवणारा दुसरा कागद हुडकावा लागतो. एवढं करून सापडलेलं सगळं आपण स्कॅन करतो आणि एका हार्ड डिस्कवर टाकून कपाटात ठेवतो. स्कॅन म्हणजे पुरावा नव्हे, हे खरं. पण कोणत्या गावाची, कोणत्या सालची, कितव्या पानावरची नोंद, हे तो सांगतो. तो गेला की पुढच्या पिढीचा शोध पुन्हा शून्यापासून.

म्हणून ही डिस्क काय चीज आहे, ते समजून घ्यायला हवं.

रॅमॅकमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. साधारण ५० लाख अक्षरं त्यात मावत आणि यंत्राचं वजन एक टनाहून जास्त. आज मोबाईलवर काढलेला एकच फोटो तेवढी जागा खातो. १९७३ मध्ये आयबीएमच्याच 'विंचेस्टर' डिस्कने तबकड्या आणि वाचणारा हेड एकाच बंद डब्यात आणले. १९८० मध्ये सीगेटने ५ मेगाबाईटची, सव्वापाच इंचाची डिस्क काढली आणि हे यंत्र टेबलावर आलं. आकार घटला, तत्त्व तेच राहिलं: मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगणारा हेड. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. धक्का बसला, हेड टेकला, की तिथली माहिती गेली.

बिघडण्याचा इतिहासही तितकाच जुना आहे. हार्ड डिस्क जगाला देणाऱ्या आयबीएमच्याच 'डेस्कस्टार ७५जीएक्सपी' डिस्का २००० नंतर इतक्या बंद पडल्या की लोक त्यांना 'डेथस्टार' म्हणू लागले. कंपनीवर खटला झाला आणि पुढे आयबीएमने हा व्यवसाय हिताचीला विकला. म्हणून 'कोणती कंपनी चांगली?' या प्रश्नाला माझं उत्तर असतं: एकाच कंपनीची एक डिस्क चांगली निघते, दुसरी वाईट. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, कारखाने बुडाले, जगभर डिस्का महागल्या, आणि मोठ्या कंपन्यांनी अनेक डिस्कांची वॉरंटी कमी केली. तसंही वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आजोबांची नोंद मिळत नाही.

मग तपासायचं कसं? नव्वदच्या दशकात कंपन्यांनी डिस्कमध्येच 'स्मार्ट' नावाची स्वतःची तब्येत नोंदवणारी सोय बसवली. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. 'रिअलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर' शून्याच्या वर जाऊन वाढत असतील, तर त्याच दिवशी माहिती हलवावी. पण या यंत्रणेवर किती विसंबायचं, याचं उत्तर २००७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी दिलं. एक लाखाहून अधिक डिस्का तपासल्यावर त्यांना दिसलं, की बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. स्मार्टने धोका सांगितला तर तो ऐकावा; 'गुड' लिहून आलं म्हणून निर्धास्त होऊ नये.

नवी डिस्क आणली की आधी चालू तासांचा आकडा पाहावा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या डिस्का आकडे पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. तेव्हा अनोळखी विक्रेत्याकडची फार स्वस्त डिस्क टाळलेली बरी. '१ टीबी' डिस्क संगणकावर ९३१ दिसते, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. खोटी क्षमता पकडायला 'एच२टेस्टडब्ल्यू' पूर्ण डिस्क लिहून परत वाचतो. रिकाम्या डिस्कवर ही परीक्षा रात्रभर चालू द्यावी. एसएसडी वेगवान असते, पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी ती योग्य नाही.

डिस्क दिसेनाशी झाली तर घाबरू नये. आधी केबल बदला, पोर्ट बदला, दुसऱ्या संगणकाला लावा. 'सीआरसी एरर' वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. वीज गेल्यावर फाईल उघडत नसेल, तर लिहिणं अर्धवट राहिलेलं असू शकतं. डिस्क ठीक असते. 'फॉरमॅट करायची का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. घरी उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. डिस्क वाचता येत असेल, पण अडखळत असेल, तर दुरुस्तीचा प्रोग्राम मूळ डिस्कवर चालवू नका. 'डीडीरेस्क्यू' चांगला भाग आधी उचलतो, बिघडलेल्या जागांवर नंतर प्रयत्न करतो. दुरुस्ती त्या प्रतीवर करा.

मला सांगायचं ते एवढंच: चांगली डिस्क शोधण्यात जितका वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या प्रतीला द्यावा. एक डिस्क नागऱ्यात, दुसरी वेगळ्या कंपनीची नागपूरला राहणाऱ्या भावाकडे किंवा माहेरी. फाईलला नाव देताना गाव, साल, नोंद क्रमांक आणि त्या वेळचा जिल्हा लिहावा, म्हणजे भंडारा की गोंदिया हा घोळ होणार नाही. आणि वर्षातून एकदा, प्रवेशांचा हंगाम सुरू होण्याआधी, दोन्ही डिस्का लावून फाईली खरोखर उघडून पाहाव्यात. पंजीचं पान पिवळं पडतं ते डोळ्यांना दिसतं. डिस्कचं तसं नसतं.