श्रवणातून घडलेली ध्वनिमुद्रिका : डी'अँजेलोकृत 'वूडू' (२०००)

लेखी कागदपत्र हेच इतिहासाचे एकमेव विश्वसनीय साधन होय, ही समजूत आता पुष्कळ मागे पडली आहे. नाणी, शिल्पे, वास्तू, लोकगीते यांना साधनांच्या पंक्तीत यथायोग्य स्थान मिळाले आहे. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र अभ्यासकाचा संकोच पुरता गेलेला नाही. तिच्यावरील गीतांचे शब्द तो वाचतो, तिच्या खपाचे आकडे नोंदवितो, गायकाचे चरित्र पाहतो. पण ती ऐकून जे कळते त्यास तो पुरावा म्हणावयास कचरतो. हा संकोच कितपत योग्य आहे, याची परीक्षा एखाद्या विशिष्ट उदाहरणावरूनच करणे इष्ट होय. अमेरिकन गायक डी'अँजेलो याची 'वूडू' ही दुसरी ध्वनिमुद्रिका त्या दृष्टीने फार उपयोगी आहे. २५ जानेवारी २००० रोजी प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात तेरा गीते असून ती ऐकावयास सुमारे ७९ मिनिटे लागतात. ज्या पद्धतीने तो संग्रह घडला आणि ज्या पद्धतीने तो लोकांपर्यंत पोहोचला त्या दोहोंमधील विरोध हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१. नावाचा प्रश्न

या संगीतास 'निओ-सोल', म्हणजे नवे सोल-संगीत, असे म्हणतात. ज्याच्या नंतरचे हे 'नवे', ते मूळ सोल-संगीत १९५० ते १९७० या काळात आफ्रिकी-अमेरिकी समाजात वाढले. प्रार्थनामंदिरातील गॉस्पेल गायनाची आर्तता आणि ऱ्हिदम अँड ब्लूजचा लौकिक आशय यांचा संगम रे चार्ल्स, सॅम कुक, अरीथा फ्रँकलिन आदींच्या गायनात झाला. १९५९ मध्ये डेट्रॉइट शहरी स्थापन झालेल्या मोटाउन कंपनीने त्या संगीतास देशव्यापी बाजारपेठ मिळवून दिली. पुढे मार्विन गे व स्टीव्ही वंडर यांनी सलग संग्रहाच्या रूपाने एक संपूर्ण विचार मांडण्याची प्रथा पाडली. १९७१ सालचा गे याचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे तिचे ठळक उदाहरण होय.

'निओ-सोल' हे नाव मात्र कलावंतांनी घेतलेले नव्हे. ते १९९० नंतरच्या दशकात केदार मॅसेनबर्ग या संगीत-व्यावसायिकाने विक्रीच्या सोयीसाठी रूढ केले. डी'अँजेलोची पहिली ध्वनिमुद्रिका 'ब्राउन शुगर' (१९९५), मॅक्सवेलची 'अर्बन हँग स्वीट' (१९९६) आणि एरिका बाडूची 'बाडुइझम' (१९९७) या एका गटात बसविण्यास ते सोयीचे ठरले. परंतु ज्यांच्यावर हा शिक्का बसला त्यांपैकी अनेकांना तो रुचला नाही. 'निओ' या उपपदातून जुने सोल-संगीत संपले होते असा अर्थ निघतो. आणि परंपरा खंडित झालीच नव्हती, हे तर 'वूडू'चे मुख्य प्रतिपादन आहे. नाव बाजाराने दिलेले असते तेव्हा इतिहासकाराने ते वापरावे, परंतु त्यातील गृहीत कृत्य तपासून घ्यावे, एवढा बोध येथे पुरेसा आहे.

२. पूर्वपीठिका

डी'अँजेलोचे मूळ नाव मायकेल यूजीन आर्चर. त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १९७४ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे झाला. वडील पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक होते आणि त्याचे आरंभीचे वादन प्रार्थनामंदिरातच झाले. १९०६ मध्ये लॉस एंजेलिस येथील अझूसा स्ट्रीटवर विल्यम सीमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या नेतृत्वाखाली जे धर्मजागरण झाले, त्यातून या पंथाचा मोठा विस्तार झाला. त्याच्या उपासनेत टाळ्या, ड्रम व अंगविक्षेप यांना मज्जाव नाही. उलट ईश्वरी संचाराची ती लक्षणे मानली जातात. म्हणून लौकिक संगीतातील ठेका आणि धर्मसंगीतातील ठेका यांत या परंपरेतील वादकाला फारसे अंतर भासत नाही.

'ब्राउन शुगर'ला व्यावहारिक यश लाभले. पण नंतर काही काळ या गायकाचे गीतलेखन खुंटले. पुत्रजन्मानंतर ते पुन्हा सुरू झाले. दरम्यान १९९७ मध्ये त्याची मूळ प्रकाशक असलेली ई. एम. आय.ची अमेरिकन शाखा बंद पडली व त्याचा करार व्हर्जिन या भगिनी-संस्थेकडे गेला. 'ब्राउन शुगर' आणि 'वूडू' यांच्यामध्ये साडेचार वर्षांचे अंतर पडले. लोकप्रिय संगीताच्या व्यवसायात हा विलंब मोठा होय. परंतु तो काळ सीडीच्या भरभराटीचा होता. ध्वनिमुद्रणगृह महिनोन्‌महिने अडवून ठेवण्याची चैन कंपनीला परवडत होती. जून १९९९ मध्ये नॅप्स्टरचा उदय झाला आणि लवकरच ही परिस्थिती पालटली. 'वूडू'चा संथपणा या अर्थाने एका विशिष्ट आर्थिक क्षणाचेही अपत्य आहे.

३. ध्वनिमुद्रणगृह

संग्रहाचे बहुतेक काम न्यूयॉर्कमधील ग्रेनिच व्हिलेज भागात असलेल्या 'इलेक्ट्रिक लेडी' या ध्वनिमुद्रणगृहात झाले. जिमी हेंड्रिक्सने ते स्वतःसाठी उभारले. २६ ऑगस्ट १९७० रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, १८ सप्टेंबर रोजी, हेंड्रिक्स मृत्यू पावला. स्टीव्ही वंडरने १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तेथे काम केले होते. डी'अँजेलो व त्याचे सहकारी या वास्तूत शिरले ते तिच्या स्मृतीसह. 'वूडू' या शीर्षकातही ही स्मृती आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी हैती व लुइझियाना येथे टिकविलेल्या उपासनेचे ते नाव. आणि हेंड्रिक्सच्या १९६८ मधील एका प्रसिद्ध गीताच्या नावातही तोच शब्द आहे.

कामाची पद्धती विशेष लक्षणीय होती. 'द रूट्स' या संघाचा ड्रमवादक अमीर टॉम्पसन, म्हणजेच क्वेस्टलव्ह, हा या कामी डी'अँजेलोचा प्रमुख साथी. हे वादक एकत्र जमत ते प्रथम ऐकण्यासाठी व पाहण्यासाठी. जेम्स ब्राउन, प्रिन्स, मार्विन गे, स्टीव्ही वंडर यांच्या जुन्या मैफलींच्या चित्रफिती लावून त्यांतील बारकावे पाहावयाचे, मग तीच गीते वाजवीत बसावयाचे आणि त्या वादनातून एखादा नवा ठेका हाती लागला म्हणजे तो मुद्रित करावयाचा, असा क्रम होता. पीनो पॅलाडिनो हा वेल्श वादक बेस गिटारवर होता. रॉय हारग्रोव्ह ट्रंपेटवर आणि जेम्स पॉयझर कळफलकाच्या वाद्यांवर. काही गीतांत चार्ली हंटर याने आठ तारांच्या एकाच गिटारवर बेसचा व गिटारचा असे दोन्ही भाग एकदम वाजविले आहेत. ध्वनिमुद्रक रसेल एलेव्हाडो याने संगणकाऐवजी चुंबकीय फीत व जुनी उपकरणे पसंत केली. त्यामुळे आवाजास ऊब आली एवढेच नव्हे. वादकांनी एका खोलीत एका वेळी वाजविण्याला जे महत्त्व आले ते अधिक मोलाचे होय.

याच वास्तूत त्याच सुमारास कॉमनचा 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' आणि एरिका बाडूचा 'मामाज गन' हे संग्रहही आकारास येत होते. दोन्ही २००० मध्ये प्रसिद्ध झाले. वादक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात. 'सोलक्वेरियन्स' या नावाने ओळखला जाणारा हा मेळा व्यक्तिनामांवर आधारलेल्या बाजारपेठेत वावरत असूनही वृत्तीने एखाद्या कारागीर-पेठेसारखा होता.

४. लयीचा पुरावा

'वूडू' प्रथम ऐकणाऱ्यास काहीतरी चुकत आहे असा भास होतो. ड्रमचा आघात अपेक्षित क्षणी येत नाही. बेस त्याच्याही किंचित मागे रेंगाळतो. आवाज या दोहोंमधून वाट काढतो. तरीही लय कोसळत नाही. मात्रा मोजू गेल्यास त्या बरोबर भरतात. परंतु प्रत्येक वादक त्या मात्रेच्या वेगळ्या टोकाला उभा आहे असे जाणवते.

या लयीचा वंशवृक्ष तपासता एक विलक्षण गोष्ट दिसून येते. १९८० पासून लिन एलएम-१ व रोलँड टीआर-८०८ यांसारख्या ड्रमयंत्रांनी लोकप्रिय संगीतात घड्याळी अचूकता आणली. १९८८ मध्ये रॉजर लिनने रचलेले अकाई कंपनीचे एमपीसी यंत्र आले. वादकाने दाबलेली कळ थोडी मागेपुढे झाली तर ती आपोआप नेमक्या जागी सरकविण्याची सोय त्यात होती. डेट्रॉइटचा तरुण निर्माता जेम्स यान्सी, म्हणजे जे डिला (१९७४–२००६), याने ही दुरुस्ती अनेकदा टाळली आणि यंत्रातील आघात हेतुपुरस्सर मागेपुढे ठेवले. यंत्र मनुष्यासारखे अडखळू लागले. आता क्वेस्टलव्ह हा आपल्या काटेकोर लयीसाठी प्रसिद्ध असलेला वादक. डी'अँजेलोने त्यास तो काटेकोरपणा सोडावयास लावले आणि डिलाच्या यंत्रातून निघणारी ती ओढ हाताने वाजविण्यास सांगितले. मनुष्याचे अनुकरण यंत्राने केले आणि त्या यंत्राचे अनुकरण पुन्हा मनुष्याने केले, असा हा तिहेरी प्रवास आहे. डॅन चार्नस यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या लयीस स्वतंत्र प्रकाराचा दर्जा दिला आहे.

तथापि या लयीचे मूळ केवळ यंत्रात शोधणे एकांगी होईल. चार्ल्स कील या संगीत-मानवशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये असे मांडले होते की, संगीतात सहभागी होण्याची ओढ ऐकणाऱ्यास वाटते ती वादकांच्या काळांतील व सुरांतील सूक्ष्म विसंगतींमुळे. सर्व जण तंतोतंत एकत्र असतील तर आणखी कोणास शिरावयास जागाच उरत नाही. पेंटेकोस्टल प्रार्थनेत अनेक कंठ व अनेक टाळ्या एका लयीत असूनही एकजीव नसतात. त्या फटींतून समुदाय जाणवतो. डिलाच्या यंत्राने डी'अँजेलोला जे सापडवून दिले ते रिचमंडच्या प्रार्थनामंदिरात त्याच्या कानी आधीच पडलेले असावे, हा तर्क सयुक्तिक वाटतो.

आवाजाविषयीही हेच म्हणता येईल. गायकाने स्वतःचाच आवाज थरावर थर मुद्रित करून एका कंठाचा समुदाय केला आहे. शब्द पुष्कळदा अस्पष्ट राहतात. टीकाकारांनी त्याबद्दल दोष दिला. परंतु येथे शब्द हा आवाजाचा एक घटक आहे, त्याचा स्वामी नव्हे. जेथे आशयाला प्राधान्य आहे तेथे तो स्पष्ट ऐकू येतोच. 'डेव्हिल्स पाय' या गीतातील धनलोभावरील टीका आणि शेवटच्या 'आफ्रिका' या गीतातील पूर्वजस्मरण ही त्याची उदाहरणे होत.

५. कान आणि डोळा

इतक्या श्रवणनिष्ठ कृतीच्या वाट्याला आलेले भाग्य विपरीत होते. संग्रह बिलबोर्डच्या यादीत प्रथम क्रमांकावर आला. पहिल्या आठवड्यातच त्याच्या सुमारे ३,२०,००० प्रती खपल्या. २००१ मध्ये त्यास ग्रॅमी पुरस्कारही लाभला. परंतु या यशात 'अनटायटल्ड' या गीताच्या चित्रफितीचा वाटा फार मोठा होता. तीत गायक उघड्या अंगाने कॅमेऱ्यासमोर उभा राहून गातो. दुसरे काहीही नाही. रफाएल सादिक याच्या सहकार्याने रचलेले हे सात मिनिटांचे गीत प्रिन्सच्या जुन्या शैलीस वाहिलेली आदरांजली होते, आणि ते शेवटी एकाएकी मध्येच तुटते. ही नाट्यमयता कानाची होती. लोकांच्या स्मरणात राहिला तो मात्र देह.

२००० सालच्या दौऱ्यात याचे परिणाम दिसून आले. उत्तम वादकांचा संच रंगमंचावर असताना प्रेक्षकांतून गायकाने कपडे उतरवावेत अशा आरोळ्या उठत. त्याला याचा मनस्ताप झाला आणि दौऱ्यानंतर तो सार्वजनिक जीवनातून जवळजवळ नाहीसा झाला. व्यसन व अपघात यांनी पुढील वर्षे ग्रासली. तिसरा संग्रह 'ब्लॅक मेसाया' १५ डिसेंबर २०१४ रोजी, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांनी आला. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा देह बाजारात उभा करून पारखला जाण्याचा इतिहास जुना आहे. या प्रसंगास त्या इतिहासाशी सर्वस्वी समान लेखणे अतिशयोक्त होईल. परंतु त्याचा पडसाद येथे नाही असे म्हणणेही धाडसाचे ठरेल.

६. उपसंहार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी डी'अँजेलो कर्करोगाने निधन पावला. त्याचे वय ५१ होते. रॉय हारग्रोव्ह २०१८ मध्येच गेला होता. त्या खोलीत एकत्र वाजविणाऱ्यांचा मेळा आता विरळ झाला आहे, आणि म्हणूनच ध्वनिमुद्रिकेचे साधनमूल्य वाढले आहे.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. 'नवे सोल' हे नाव ज्या खंडाची कल्पना करते तो खंड या कृतीत आढळत नाही. आढळते ते परंपरेचे अविरत श्रवण. दुसरे असे की, या लयीत प्रार्थनामंदिर, यंत्र आणि वादकाचा हात या तिघांचा इतिहास एकाच वेळी साठविलेला आहे, आणि तो कोणत्याही लेखी कागदात सापडण्याजोगा नाही. तिसरी गोष्ट कृतीच्या भवितव्याविषयीची. बाजाराने जे पाहावयास लावले त्यामुळे ऐकावयाचे राहून गेले. आणि ज्याने आयुष्यभर इतरांचे मन लावून ऐकले त्याला स्वतःचे ऐकणारे मिळावयास उशीर झाला. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग सोपा आहे. ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे. ती साधन म्हणून, म्हणजे सावकाश व पुनःपुन्हा, ऐकली पाहिजे.