कोराईचे दागिने

मार्च १८१८. पेशवाई अखेरच्या घटका मोजत होती आणि कर्नल प्रॉथरची फौज मुळशीच्या घाटमाथ्यावर कोरीगडापुढे येऊन ठाकली होती. तोफगोळ्याने दारूकोठार पेटले आणि १४ मार्चला गड पडला. इतिहासाच्या मुख्य कथेत या प्रसंगाला एवढीच जागा.

पण गडावर कोराईदेवी आहे. तिचे दागिने इंग्रजांनी मुंबईला नेले, ते मुंबादेवीला वाहिले गेले, असे सांगतात. लढाईपेक्षा लोकांच्या तोंडी राहिली ती ही गोष्ट.

अशी बाजूची गोष्ट खेळातही रंगवता येते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. टेबलाभोवती बसून, फासे टाकत रंगवायच्या अशा साहसकथांत मोठ्या मोहिमेच्या वाटेवर आडमोहिमा येतात. त्या रचणाऱ्याला कोरीगड बरेच काही देतो. राज्य कोणाचे हा प्रश्न क्षणभर बाजूला पडावा आणि गडावरच्या गुरवाने वीरांना विचारावे, ‘आईची नथ परत आणाल का?’ मागणे लहान, पण नथ आता दुसऱ्या देवीच्या अंगावर. देवीच्या अंगावरून ती उतरवणार कोण? राक्षस मारण्यापेक्षा हा पेच कितीतरी कसदार आहे.

मुख्य कामापेक्षा वाटेवरची गोष्ट रंगण्याची रीत आपल्याकडे जुनीच. वेताळ पंचविशीत विक्रमाचे काम प्रेत आणण्याचे; घरोघरी रंगल्या त्या वेताळाच्या गोष्टी.

मुळशीत असा ऐवज आणखीही आहे. घनगड पेशवाईत कैदखाना होता. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसह मावळातले शेतकरी सत्याग्रहाला उतरले; तरीही धरण झाले, गावे बुडाली. बुडालेल्या देवळाचा शोध ही उत्तम आडमोहीम होईल. मात्र ती जपून रचावी. त्या गावकऱ्यांचे वंशज आजही या खोऱ्यात राहतात.