चाकाच्या तुंब्यांतील इतिहास

सातारा-सांगलीच्या बाजूला ज्यांचें बालपण गेलें, त्यांच्या कानांत बैलगाडीच्या चाकाची करकर अजून कोठें तरी शिल्लक असेल. ती ऐकतांच शहाणा गाडीवान गाडी थांबवी, वंगण काढी, आणि आखाला तें देऊन मगच पुढें निघे. आज आपल्या मोटारीच्या चाकांतून घरघर येऊं लागली म्हणजे आपण काय करावें, याचें उत्तर त्या गाडीवानापासून शोधीत निघाल्यास एक बोधप्रद इतिहास हातीं लागतो.

गाडीचा आख स्थिर असतो. चाक त्याच्याभोवतीं फिरतें. लोखंडावर लोखंड घासलें कीं झीज अटळच. आपल्या सुतार-लोहारांनीं ही झीज तुंब्यांत बसविलेल्या लोखंडी नळीवर सोपविली. नळी झिजली तर ती बदलावी; चाक मात्र वाचावें. झिजण्याचें काम एका लहान भागाकडे द्यावें, हा विचार मोटारीहून कितीतरी जुना आहे.

पुढची पायरी घासण्याऐवजी गडगडण्याची. १७९४ सालीं वेल्समधील फिलिप व्हॉन यानें गाडीच्या आंसाभोवतीं लोखंडी गोळ्या बसविण्याचें पेटंट घेतलें. परंतु सर्व गोळ्या अगदीं सारख्या नसल्या, तर जी मोठी तिच्यावरच सारा भार येतो. हातानें इतकी सारखी गोळी घडणें कठीण. १८८३ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें फ्रीडरिश फिशर यानें पोलादी गोळ्या घांसून एकसारख्या करणारें यंत्र तयार केलें, तेव्हां कोठें हा मार्ग मोकळा झाला.

ह्या गोळ्या, म्हणजे आपले छर्रे, आपल्याकडे अवतरले ते मुख्यतः सायकलीबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगांवांतील सायकलींच्या दुकानानें झाला, हें अनेकांस ठाऊक असेल. पुढें लोखंडी नांगर करणाऱ्या या गृहस्थांनीं १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर, औंध संस्थानच्या हद्दींत, किर्लोस्करवाडी वसविली. तो भाग आज सांगली जिल्ह्यांत आहे. १९२२ सालीं साताऱ्याजवळ सातारा रोड येथें धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला. नांगर आणि तेलाचीं इंजिनें या मुलखांत होऊं लागलीं.

मोटारीच्या चाकाचें बेअरिंग मात्र परदेशांतूनच यावें लागे. त्याला लागणारें कठीण पोलाद आणि बिनचूक घडण गांवच्या भट्टीच्या आवाक्याबाहेरची होती. शिवाय मोटार वळतांना चाकावर आडवा भारही येतो. तो सोसण्यासाठीं अमेरिकेंतील बग्ग्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांनीं १८९८ सालीं निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. खंबाटकी किंवा पसरणीचा घाट ज्यांनीं चढला-उतरला आहे, त्यांस या निमुळतेपणाचें मोल निराळें सांगावयास नको. जयपूर येथें देशी बेअरिंगांचें उत्पादन सुरू झालें तें १९५० सालीं.

या प्रवासांत एक गोष्ट आपण गमावली व एक आपणांकडेच राहिली. गमावली ती घडविण्याची कला. झिजलेलें बेअरिंग कोणीही कारागीर पूर्ववत् करूं शकत नाहीं. तें बदलावेंच लागतें. राहिला तो कान. वेगाबरोबर घरघर वाढत असेल, आणि उजवीकडे वळतांना ती अधिक होत असेल, तर संशय बहुधा डाव्या चाकावर धरावा. कारण त्या वेळीं भार डावीकडे सरकतो. मग चाक उचलून, गाडीला नीट आधार देऊन, वर-खालीं धरून हलवून पाहावें. खुळखुळ जाणवली तर कारागिरास गांठावें. जुन्या पद्धतीच्या चाकांत रूळ आणि त्यांची वाटी हीं दोन्हीं एकदमच बदलावीं; जुन्या वाटींत नवे रूळ घालण्याची काटकसर करूं नये. जुन्या वाटींतील खड्डे नव्या रुळांस लवकरच खराब करतात. नट आवळतांना चाक फिरवीत राहावें, मग तो किंचित् सैल करावा, आणि खिळीची पिन नवीच घालावी. अलीकडच्या कित्येक मोटारींत हा सारा जोड बंद स्वरूपाचा असतो; तो तसाच अखंड बदलतात.

घरघरीकडे दुर्लक्ष केल्यास बेअरिंग तापतें, फुटतें, आणि घाटाच्या वळणावर चाकच निखळण्याचा धोका उभा राहतो. त्या गाडींत आपलीं मुलेंबाळें बसलेलीं असतात. आपल्या गाडीवानापाशीं छर्रे नव्हते, पोलाद नव्हतें. पण करकर ऐकतांच थांबण्याचें शहाणपण होतें. नव्या चाकाला जुन्यापासून घेण्यासारखें कांहीं असेल, तर तें हेंच.