पडद्यामागचा कर्णा

चार वर्षांपूर्वी आमच्या घरी होम थिएटर आलं. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर. नव्या चित्रपटांत पाऊस डोक्यावर पडू लागला, घोडे पाठीमागून येऊ लागले. सगळे खूश होते. मग एका संध्याकाळी आईने 'संत तुकाराम' लावायला सांगितला. तिने तो लहानपणी तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिला होता. दहा मिनिटांत ती म्हणाली, "अरे, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं काय येतंय हे? आवली काय बोलते ते कळतच नाही."

मी आवाज वाढवला. वाळूही वाढली. मग रिमोटवरचं खरखर कमी करणारं बटण दाबलं. वाळू गेली, पण माणसंही गोधडीत तोंड खुपसून बोलू लागली. त्या दिवशी चित्रपट अर्धाच पाहून झाला.

माझे वडील तालुक्याच्या गावी चित्रपटगृहात ऑपरेटर होते. माझं बालपण त्यांच्या केबिनमध्ये, रिळांच्या वासात गेलं. यंत्रातला आवाज कुठून येतो हे मला त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं. तेव्हा हा प्रश्न सुटला नाही तर ती शिकवणी वायाच गेली, असं वाटलं आणि मी शोधाला लागलो. मी ध्वनितंत्राचा पदवीधर नाही. वाचत, विचारत आणि घरच्याच यंत्रावर चुका करत जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवात फिल्मपासून करू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला, चित्रचौकटी आणि छिद्रांच्या मधे, एक अरुंद ध्वनिपट्टी असते. तिच्यावर आवाज प्रकाशचित्राच्या रूपात छापलेला असतो. कधी तो कमी-अधिक रुंद होणाऱ्या पांढऱ्या नक्षीसारखा दिसतो, तर कधी फिकट-गडद आडव्या रेषांसारखा. एक्सायटर दिव्याचा बारीक झोत या पट्टीतून जातो, फोटोसेलवर पडतो आणि प्रकाशाच्या चढउताराची वीज होते. फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने धावते. चित्राच्या खिडकीपाशी ती चौकटीगणिक थांबते, पण ध्वनीच्या डोक्यापाशी तिला अखंड सरकावं लागतं. म्हणून ध्वनी चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापलेला असतो. मधला फिल्मचा झोल चुकला की ओठ आणि शब्द यांची फारकत होते. वडील रीळ चढवताना हा झोल बोटांनी मोजायचे.

या पट्टीवर धूळ बसली, ओरखडा पडला, तर फोटोसेलला तोही आवाजच वाटतो. आईने ऐकलेली वाळू ती हीच. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६चा. मूळ फिल्म नायट्रेटची, झपाट्याने पेट घेणारी. तिच्यावरून प्रत, प्रतीची प्रत, मग व्हिडिओ, मग तबकडी. प्रत्येक फिल्मी प्रतीबरोबर खरखर वाढते आणि अक्षर बुजतं. जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून अनेक जुनी रिळं जळाली. त्यानंतर मागे जाऊन मूळ आवाज तपासण्याच्या वाटा आणखी कमी झाल्या.

पण खरखर हा अर्धाच दोष आहे. उरलेला अर्धा दोष माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा होता आणि तो लक्षात यायला मला वर्ष लागलं.

त्या काळी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ठाऊक असे, की आपला आवाज थेट कानावर पडणार नाही. चित्रपटगृहात मोठा कर्णा पडद्याच्या मागे उभा असे आणि आवाज पडद्याच्या बारीक भोकांतून बाहेर येई. कर्ण्याचा स्वभाव, पडदा आणि ध्वनियंत्रातली गाळणी मिळून वरच्या पट्टीतले आवाज दाबले जात, कारण तिथेच खरखर राहते. १९३८मध्ये हॉलिवूडच्या अकॅडमीने या प्रथेला प्रमाण ठरवून दिलं. तो 'अकॅडमी कर्व्ह' म्हणून ओळखला जातो. साधारण २००० हर्ट्झनंतर तो उताराला लागतो आणि ८००० हर्ट्झपर्यंत आवाज फारच थोडा उरतो. पुढे हा उतार होणार हे ठाऊक असल्याने मुद्रणाच्या वेळीच वरचे स्वर जरा चढे ठेवले जात. हॉटेलात ताकासोबत देतात म्हणून भाजीत तिखट जास्त घालावं, तसं.

थोडक्यात, जुन्या चित्रपटाचा आवाज फिल्मवर अर्धाच होता. उरलेला अर्धा चित्रपटगृहात होता. आपण घरी फक्त फिल्मवरचा भाग आणला आणि तो सरळसोट वाजवला. ताकाशिवाय ती भाजी खाल्ली.

मग खरखर कमी करणारं बटण का चालत नाही? वरचे स्वर तेही कापतं. इथे मराठीचा एक प्रश्न येतो. आपला दंततालव्य 'च' आणि तालव्य 'च', म्हणजे चुलीतला आणि चंद्रातला, यांच्यातला फरक घर्षणाच्या आवाजात असतो. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहिताना सारखेच, पण बोलताना वेगळे. 'स' आणि 'श' यांचंही तसंच. 'स'चा जोर ४-५ हजार हर्ट्झच्या वर असतो, 'श'चा त्याच्या खाली. हे सगळे उच्चार म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने खरखरच, फक्त अर्थ असलेली. यंत्राला तुकोबांच्या बायकोचा 'स' आणि फिल्मवरची धूळ यांत भेद कळत नाही. ते क्षणाक्षणाला ठरवतं, की हे ठेवायचं आणि ते पुसायचं. त्यात शब्दाची कड पुसली जाते. चित्रपटगृहातला उतार असा निवाडा करत नसे. तो सगळ्यांना सारखाच लागू होई आणि मुद्रण त्याच हिशेबाने झालेलं असे. उतारावर शब्दांचा तोल राहतो, कात्रीखाली तो तुटतो.

मला या गोष्टीचं महत्त्व केवळ घरच्या करमणुकीपुरतं वाटत नाही. 'अयोध्येचा राजा' १९३२मध्ये आला, तो पहिला मराठी बोलपट. 'प्रभात'मध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत, आणि 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांपैकी ते एक. विष्णुपंत पागनीसांचा गळा, जिजाई झालेल्या गौरीबाईंचं फणकाऱ्याचं बोलणं, नव्वद वर्षांपूर्वीचे हे उच्चार आपल्याकडे आहेत ते या अरुंद पट्टीमुळे. त्या काळी मराठी कशी बोलली जाई हे पुस्तकातून कळत नाही. जुना आवाज 'स्वच्छ' करताना ते पुसून टाकलं, तर चित्र शाबूत राहील आणि साक्षीदार मुका होईल.

आवाज बदलूच नये, असं माझं म्हणणं नाही. १९६०चा 'मुघल-ए-आझम' २००४च्या दिवाळीत रंगीत होऊन आला, तेव्हा त्याचा आवाजही अनेक स्पीकरांसाठी नव्याने घडवला गेला. त्याचा प्रेक्षक आहे आणि तो असावा. मात्र तबकडीवर मूळ एकपदरी आवाजही निवडता यावा, न गाळलेला. गाळणी ज्याला हवी त्याने घरी लावावी. एकदा गाळून जपून ठेवलेलं पुन्हा परत येत नाही.

घरी मी काय केलं ते सांगतो, वाचकांपैकी कुणाच्या उपयोगी पडेल. तबकडीच्या यादीतून मूळ मोनो आवाज निवडला. आजूबाजूला आवाज पसरवणारे सगळे प्रकार बंद करून फक्त मधला स्पीकर चालू ठेवला, कारण पडद्यामागेही कर्णे मधेच असत. सबवूफर बंद केला. जुन्या ध्वनिपट्टीत खोल स्वर फारसे नसतातच, असते ती विजेची गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सबवूफर ती इमानाने वाजवतो. ट्रेबल बेताने उतरवला. खरखर कमी करणारं बटण, रात्रीच्या वेळेसाठीचं बटण, सगळी बंद. खरखर राहते, पण पाच मिनिटांत कान तिला विसरतो, जसा पंख्याला विसरतो.

एक गोष्ट मात्र बटणाने दुरुस्त होत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. आपल्याकडच्या जुन्या दूरदर्शन पद्धतीत तो २५च्या वेगाने चालवला जाई, म्हणजे चार टक्के जलद. दोन तासांचा चित्रपट जवळपास पाच मिनिटं आधी संपतो आणि गाणाऱ्याचा स्वर पाऊण पट्टी चढतो. घरच्या पेटीवर धरून पाहिलं, तर अभंग काळी एक आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. अशा प्रतीवरून पागनीसांची पट्टी ठरवणाऱ्याने आधी तिचा वेग तपासावा.

मागच्या दिवाळीत आईने पुन्हा 'संत तुकाराम' लावायला सांगितला. आता ती शहाऐंशीची आहे. तिच्या कानांनीच वरचे बरेच स्वर सोडून दिले आहेत, त्यामुळे माझ्या उताराची तिला गरज किती आणि तिच्या आठवणीचा वाटा किती, हे मोजायला माझ्याकडे माप नाही. ती पुढे सरकून बसली. आवली नवऱ्यावर कडाडली, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "हां, आता भांडण समजतंय." मग थोड्या वेळाने, पडद्याकडे बघतच, "तुझ्या बाबांनी लावला असता तर खरखर एवढी आली नसती. ते फुंकर मारायचे."

ते खरं आहे. प्रत्येक रिळाआधी वडील ध्वनीच्या डोक्यावर वाकून हळूच फुंकर मारत आणि मग धोतराच्या सोग्याने भिंग पुसत. माझ्या यंत्रात फुंकर मारायला जागा नाही.