सदरा त्यांचा, हात आपले

लुगडं, चोळी, पैठणी यांच्याबद्दल आपण पुष्कळदा बोलतो. आज बोलायचं आहे ते घरातल्या पुरुषमाणसांच्या कपड्यांबद्दल. वडिलांचं धोतर, सासऱ्यांचा सदरा, नवऱ्याची पँट, लेकाचा शर्ट. अंगात घालतात ते. पण भिजवणं, घासणं, वाळत घालणं, तुटलेलं बटण लावणं या वाटेनं त्या कपड्यांशी रोजची ओळख आपलीच जास्त. मग त्या कपड्यांचा इतिहासही आपल्याला ठाऊक असायला हवा. आणि हा इतिहास नुसत्या आवडीनिवडीचा नाही. कुणी काय घालायचं आणि कसं नेसायचं यावरून आपल्याकडे तंटे झाले, सरकारी मनाया झाल्या. कापडापायी एका माणसानं जीवही दिला.

सुरुवात करू धोतरापासून. धोतराला शिवण नाही, त्यामुळे मापाचा प्रश्नच नाही. पोट सुटलं, माणूस वाळला, तरी तेच पान चालतं. बाप नेसतो तेच लेक नेसू शकतो. अंगात बाराबंदी असायची. बटणांऐवजी बंद बांधायचे, म्हणून तिचं नाव बाराबंदी. बंद सैल बांधले की सैल, आवळले की घट्ट. म्हणजे जुन्या कपड्यात माप माणसाच्या हातात होतं. शेतकऱ्याचा पेहराव याहून साधा: कमरेला आखूड धोतर किंवा लंगोटी, अंगात बंडी, डोक्याला मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी. ती घोंगडी थंडीत पांघरूण, पावसात खोळ आणि दुपारी अंथरूण.

याचा अर्थ शिवणकाम नव्हतं असा नाही. संत नामदेव शिंपी समाजातले, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात गज, कातर आणि सुई-दोरा हा आपल्याकडे रुळलेला व्यवसाय होता. शिवलेल्या कपड्यांची नावं मात्र दूरदूरच्या भाषांमधून आली. ‘सदरा’ या शब्दाचं मूळ अरबी, त्या भाषेत ‘सद्र’ म्हणजे छाती. विजारीचं मूळही अरबीच. पायजमा फारसी, ‘पाय’ म्हणजे पाय आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र. बटण ज्यात अडकवतो ते काज आणि आपली इस्त्री हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. एका सदऱ्यात एवढे देश एकत्र शिवले गेले आहेत!

आता नेसण्यावरच्या तंट्यांकडे येऊ. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्यातले सोनार ब्राह्मणांसारखं धोतर नेसू लागले आणि ‘नमस्कार’ म्हणू लागले, तेव्हा त्यावर सरकारातून मनाई झाली. धोतराचा सोगा कुठवर सोडायचा हाही जातीचा प्रश्न होता. कपडा बघून माणसाची पायरी ओळखायची आणि पायरी सोडली तर शिक्षा करायची, अशी ती रीत होती.

ही रीत ओळखूनच जोतीराव फुल्यांनी १८८८ साली एक गोष्ट केली. इंग्लंडच्या राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यासाठी पुण्यात मेजवानी होती. सगळे भरजरी पोशाखात आले. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेशात. त्यांनी तिथे सुनावलं, की इथे नटूनथटून बसलेले हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा बघायची तर खेड्यात जा. त्या दिवशी त्यांच्या अंगावरच्या कपड्यानं अर्धं भाषण केलं होतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उलट बाजूनं तेच केलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगलं वस्त्र नाकारलं गेलं, त्यांच्यातला एक माणूस मापात शिवलेला सूट आणि टाय घालून उभा राहिला. आज गावोगावच्या पुतळ्यांवर तो कोट दिसतो, तो हौसेचा नव्हे, हक्काचा कोट आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी जमलेल्या स्त्रियांनाही कपड्यांविषयी सांगितलं होतं. इतर बायका नेसतात तसं लुगडं नेसा. कपड्याला ठिगळं असली तरी चालतील, पण तो स्वच्छ ठेवा. गाडगेबाबा तर परिटाच्या घरी जन्मलेले. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र आणि हातात खराटा. फाटकं आणि घाणेरडं यात फरक असतो, हे या दोघांनी आपापल्या परीनं शिकवलं.

दरम्यान कापडाची दुनिया बदलत होती. मुंबईची पहिली सूतगिरणी १८५४ साली कावसजी दावरांनी काढली आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. मँचेस्टरचं कापड तर आधीपासूनच येत होतं. ते स्वस्त आणि तलम, त्यामुळे हातमागावरचा विणकर मागे पडला. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडांची होळी झाली. १९२१ च्या जुलैअखेर मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत मोठी होळी पेटली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मदुराईला त्यांनी स्वतः सदरा-टोपी सोडून फक्त पंचा नेसायला सुरुवात केली. त्यांच्या नावाची टोपी मात्र महाराष्ट्रानं डोक्यावर ठेवली, ती अजून आहे. शेतकरी, वारकरी, मुंबईचे डबेवाले यांची ती ओळख झाली.

१९३० साली विलायती कापडाच्या दुकानांपुढे निरोधन करायला बायका मोठ्या संख्येनं उभ्या राहिल्या. त्याच वर्षी १२ डिसेंबरला मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाची मोटार अडवताना बाबू गेनू तिच्याखाली चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा तरुण गिरणी कामगार. जो कापड विणून पोट भरत होता, त्यानं कापडासाठी प्राण दिला. पांढऱ्या सदऱ्याकडे बघताना हे नाव विसरू नये.

आता त्या पांढऱ्या सदऱ्याच्या मागच्या बाजूला येऊ, म्हणजे धुण्याकडे. गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर कपडे धुवायचे आणि सुगीला धान्याचं बलुतं घ्यायचं. शिंपी अलुतेदारांत. पण रोजचं धुणं बहुतेक घरी बायकांच्याच वाट्याला. नदी, विहीर नाहीतर आड. राख, रिठे, खारी माती, पुढे धुण्याचा सोडा. पांढरं कापड जुनं झालं की पिवळट होतं. त्यावर नीळ घालायची, कारण निळी छटा पिवळेपणा झाकते आणि कपडा पांढराशुभ्र वाटतो. मग भाताच्या पेजेची खळ आणि कोळशाची इस्त्री. पुढाऱ्याच्या कडक सदऱ्याचं कौतुक होतं, पण त्या कडकपणात कुणाची तरी सकाळ गेलेली असते.

१८८८ मध्ये इंग्लंडहून सनलाइट साबणाच्या वड्या कोलकात्याला उतरल्या. १९५९ मध्ये सर्फची पावडर आली, १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा काढली आणि सायकलवरून दारोदार विकली. निरमा स्वस्त, म्हणून पावडर आपल्या न्हाणीपर्यंत आली. आणखी एक कारण होतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका बसतो. पावडरीचं तसं नाही. त्यामुळे मनगटाचे कष्ट थोडे कमी झाले. कष्ट कुणाचे, हे मात्र बदललं नाही.

मग आलं टेरिकॉट. साठ-सत्तरच्या दशकात ‘टेरिकॉटची पँट’ म्हणजे लग्नातला मान. हा धागा पाणी शोषत नाही, म्हणून कपडा लवकर वाळतो, चुरगळत नाही, नीळ नको, खळ नको. बायकांचं काम खरोखर हलकं झालं. पण घामही शोषला जात नाही, म्हणून उन्हातान्हात राबणाऱ्याच्या अंगाला तो उबतो. तापलेली इस्त्री टेकली तर वितळतो. आपल्याकडचे म्हातारे शेतात अजून सुती सदराच घालतात, तो हट्ट नव्हे, अनुभव आहे. पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही. कापड आता इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जातं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्येच आला होता.

आता मापाची गोष्ट. बंद जाऊन बटण आलं तेव्हा माप माणसाच्या हातून शिंप्याच्या टेपेत गेलं. शिलाई मशीन आलं आणि सदरा झटपट शिवून होऊ लागला. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिलाई मशीनला मात्र सूट दिली. बायकोचे शिवणाचे कष्ट बघून सिंगरनं हे यंत्र काढलं, अशी त्यांची समजूत होती आणि त्या मायेचं त्यांना कौतुक होतं. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन सुरू झालं, तिथे शिवणाचे वर्ग चालले. कितीतरी विधवा, परित्यक्ता या मशीनवर पोट भरू लागल्या. तरी आजही गावात ‘जेन्ट्स टेलर’ची पाटी पुरुषाचीच असते आणि बाई ब्लाउज, फॉल, पिको यातच राहते. सदऱ्याची मजुरी ब्लाउजपेक्षा वेगळी का, हे विचारायला हवं. शर्ट-पँट बेतायला शिकलेली बाई उपाशी राहत नाही.

शिवणात एक सुंदर शब्द आहे, ‘माया’. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. जुने शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत आणि पायाच्या दुमडीत भरपूर माया ठेवत. मुलगा वाढला की दुमड सोडायची, पोट सुटलं की मागची शिवण. तयार कपड्यात ती वाचवली जाते, म्हणून तो एका अंगाचा आणि एका वर्षाचा होतो. तयार शर्ट घेताना आत उलटून बघा, शिवणीत बोटभर कापड आहे का. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसते का. वरचं बटण लावल्यावर गळ्यात दोन बोटं जातात का. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. विणताना ताणलेला धागा पाण्यात आखडतो. तो शिवण्याआधीच आखडलेला बरा.

आपल्या आज्या-पणज्यांची काटकसर तर शास्त्रच होती. धोतर मध्ये विरलं की विरलेला भाग कापून चांगले दोन तुकडे जोडायचे, याला ‘दंड घालणं’ म्हणत. शर्टची कॉलर झिजली की उसवून उलटी शिवायची, आणखी एक-दोन वर्षं निघत. मग त्याच धोतराचं पंचा, पंचाचं बाळाचं दुपटं, दुपट्याचं गोधडीतलं ठिगळ आणि शेवटी पोतेरं. कपडे ठेवतानाही त्यांचे नेम होते. खळ घातलेला कपडा पेटीत ठेवायचा नाही, किडे लागतात; धुऊन खळ काढून मगच ठेवायचा. रंगीत कपडा उलटा करून वाळवायचा, रंग टिकतो. घामाचा सदरा गोळा करून टाकायचा नाही, आधी पाण्यातून काढायचा.

हे सगळं ज्ञान बायकांच्या हातात राहिलं, आणि इथेच अडचण आहे. ज्याच्या कपड्याचा हक्क मिळावा म्हणून एवढे लढे झाले, त्या पुरुषाला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही, हे कसं? गांधीजी स्वतःचे कपडे स्वतः धुवत, सुई-दोरा हाताळत. त्यात त्यांचं पुरुषपण कमी झालं नाही. परीट आणि शिंपी हे पुरुषच होते, त्यांना धुणं आणि शिवणं बायकी वाटलं नाही. पैसे मिळतात तेव्हा ते पुरुषाचं काम आणि फुकट असतं तेव्हा बाईचं, हा हिशेब आपण ओळखला पाहिजे.

म्हणून या रविवारी लेकाला जवळ बसवा. सुईत दोरा ओवायला, बटण चार भोकांतून फिरवून घट्ट करायला, कॉलरला साबण लावून घासायला शिकवा. सांगताना बाबू गेनूची आणि जोतीरावांच्या घोंगडीची गोष्टही सांगा. शाळेचा सदरा त्याचा आहे, तर तो धुण्याचं कामही त्याचंच.