मुरण्याची ऐपत : बारोलो वाइनच्या जुनेपणाचा इतिहास

इटलीच्या वायव्येस, आल्प्स पर्वताच्या कुशीत वसलेल्या पिएमोन्ते प्रांतात ‘लांगे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या आहेत, आणि त्या टेकड्यांवरील अकरा गावांच्या शिवारात नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षांपासून जी तांबडी वाइन केली जाते, तिला त्यांपैकी एका गावाच्या नावावरून बारोलो असे म्हणतात. इटलीतील जुन्या वाइनचा संग्रह करणारे जगभरचे शौकीन तीस, चाळीस, क्वचित साठ वर्षे मुरलेल्या बारोलोच्या बाटलीला अग्रस्थान देतात आणि तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय सहसा द्राक्षाला व मातीला देतात. त्यात तथ्य आहे. परंतु कोणतीही वस्तू मुरायची तर तिच्यात गुंतलेला पैसा वर्षानुवर्षे अडकून पडला तरी ज्याचे घर चालेल, असा मालकही लागतो. बारोलोचा इतिहास या दुसऱ्या बाजूने पाहिला, तर तो थांबण्याची ऐपत कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती याचा इतिहास ठरतो.

नेब्बिओलो हे नाव धुक्यासाठी असलेल्या ‘नेब्बिया’ या इटालियन शब्दावरून आले असावे, असा सर्वसाधारण समज आहे, कारण हे द्राक्ष उशिरा, म्हणजे ऑक्टोबरात, टेकड्यांमधल्या दऱ्या धुक्याने भरू लागतात त्या सुमारास पिकते. तेराव्या शतकातील हिशेबांत त्याचा उल्लेख सापडतो, आणि ला मोर्रा गावाच्या १४३१ च्या नियमावलीत या वेलींच्या रक्षणाची तरतूद आढळते, यावरून त्या काळीही त्याचे मोल सामान्य द्राक्षापेक्षा अधिक होते हे उघड आहे. या द्राक्षाच्या सालीत व बियांत टॅनिन भरपूर असते. हिरडा चघळल्यावर जीभ ज्यामुळे आवळून येते आणि कातडी कमावताना हिरडा ज्यासाठी वापरला जातो, ते द्रव्य म्हणजे टॅनिन. त्याला तीव्र आंबटपणाची जोड मिळाल्यामुळे नवी नेब्बिओलो वाइन पिणाऱ्याच्या तोंडाला अक्षरशः कुलूप लावते. जुन्या पद्धतीत साली रसात महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ बुडवून ठेवत आणि मग ती वाइन ओक किंवा चेस्टनटच्या लाकडाच्या, हजारो लिटर मावतील अशा पिंपांत कित्येक वर्षे ठेवत. काळ जाईल तसे टॅनिनचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि काही अंशी गाळ होऊन तळाशी बसतात. रंग माणकासारखा लाल होता तो विटेकडे झुकतो, आणि डांबर, वाळलेले गुलाब, अळंबी, पावसानंतरचे जंगल यांची आठवण करून देणारा गंध उमलतो. हा बदल घाईने घडवून आणता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मात्र बारोलो आजच्या अर्थाने टिकाऊ नव्हती. त्या काळी ती बरेचदा किंचित गोड आणि फसफसती असे, कारण द्राक्षे उशिरा येत, थंडी लवकर पडे आणि साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारी किण्वनाची क्रिया अर्ध्यावरच थांबे. उरलेली साखर वसंत ऋतूत पुन्हा आंबू लागली, की पिंपातला माल बिघडे. हा दोष दूर करणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव जुलिया कोलबेर फाल्लेत्ती यांचे आहे. फ्रान्सच्या कोलबेर घराण्यातील ही विदुषी विवाहानंतर बारोलोची मार्केसा, म्हणजे जहागीरदारीण, झाली. १८३८ मध्ये पतीच्या निधनानंतर जहागिरीची धुरा तिने एकटीने वाहिली. तोरिनो शहराच्या तुरुंगांतील स्त्रियांची स्थिती सुधारण्यासाठी तिने केलेले काम वाइनपेक्षाही मोठे मानले पाहिजे, आणि ऑस्ट्रियाच्या कैदेतून सुटलेला लेखक सिल्व्हिओ पेल्लिको याला ग्रंथपाल म्हणून तिनेच आश्रय दिला होता. राजा कार्लो आल्बेर्तोने तिच्या वाइनची चव अद्याप आपल्याला मिळाली नाही असे म्हणताच तिने ३२५ पिंपे तोरिनोला धाडली, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, फक्त ईस्टरपूर्व उपवासाचे चाळीस दिवस वगळून, अशी आख्यायिका त्या भागात आवडीने सांगितली जाते.

प्रचलित कथेनुसार, मार्केसाने आणि शेजारच्या ग्रिन्झाने गावी जमीन असलेल्या कामिल्लो काव्हूर यांनी लुई ऊदार या फ्रेंच वाइन-व्यापाऱ्याला पाचारण केले, आणि त्याने बारोलोला पूर्ण आंबवून कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली, व टिकाऊ केली. पुढे इटलीचे पहिले पंतप्रधान झालेले काव्हूर १८३२ ते १८४९ या काळात ग्रिन्झानेचे महापौर होते, हे येथे लक्षात ठेवावे. अलीकडच्या संशोधकांनी मात्र या कथेला आव्हान दिले आहे. त्यांच्या मते हे श्रेय पाओलो फ्रांचेस्को स्तालिएनो या सेनाधिकाऱ्याचे आहे, कारण वाइन करण्याच्या व टिकवण्याच्या रीतींवरचे त्याचे पुस्तक १८३५ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि काव्हूरच्या तळघराची जबाबदारी ऊदारच्या आधी त्याच्याकडे होती. हा युक्तिवाद अधिक पटण्याजोगा आहे. परंतु तज्ज्ञ फ्रेंच असो वा पिएमोन्तेचा, सल्ला अमलात आणण्यासाठी लागणारी खोल तळघरे, मोठी पिंपे आणि माल न विकता काढता येतील अशी वर्षे त्या प्रदेशात जहागीरदारांकडे, उमरावांकडे आणि राजाकडेच होती. राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा याने १८५८ मध्ये सेर्रालुंगा गावातील फोंतानाफ्रेद्दाची मालमत्ता घेतली, ती त्याच्या प्रेयसीच्या, रोझा व्हेर्चेल्लानाच्या, वाट्याला आली, आणि त्यांचा पुत्र एमानुएले याने १८७८ मध्ये तेथे वाइनचा व्यवसाय उभा केला. ‘राजांची वाइन आणि वाइनचा राजा’ हे बारोलोचे बिरूद याच घडामोडींतून रुजले.

टेकडीवर राबणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र याच्या अगदी उलट होते. बहुतेकांची जमीन तुटपुंजी, किंवा ती ‘मेझ्झाद्रिया’ पद्धतीची, म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीसारखी, जिच्यात पिकाचा निम्मा वाटा मालकाला द्यावा लागे. असा शेतकरी वाइन मुरवत बसू शकत नसे. तो द्राक्षे गाडीत भरून आल्बा शहराच्या चौकात नेई आणि तेथे दलालांची वाट पाहत उभा राही. तोडलेले द्राक्ष उन्हात टिकत नाही हे दलालांना पक्के ठाऊक असल्याने भाव संध्याकाळपर्यंत खाली येत जाई. आल्बा शहराचा लेखक बेप्पे फेनोल्यो याच्या १९५४ च्या ‘ला मालोरा’ या कादंबरीत लांगेतील ही दैन्यावस्था इतकी थेट आली आहे, की बारोलोच्या वैभवाबद्दल बोलणाऱ्याने ती आधी वाचावी. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण तोरिनोच्या मोटारकारखान्यांत आणि आल्बातील मिठाईच्या कारखान्यात कामाला गेले, आणि कित्येक उतारांवरचे द्राक्षमळे ओस पडले. शेजारच्या बार्बारेस्को गावात, जेथे याच द्राक्षाची वाइन होते, धर्मगुरूच्या पुढाकाराने १९५८ मध्ये १९ शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारली. एकट्याला न परवडणारे थांबणे अनेकांनी मिळून परवडवण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो टिकला.

विसाव्या शतकातील जुन्या बाटल्या आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या मुख्यतः काही व्यापारी व उत्पादक घराण्यांमुळे. बारोलो गावातील बोर्गोन्यो घराण्याने आपल्या उत्तम वर्षांच्या मालाचा मोठा भाग वीस वर्षे तळघरात राखून ठेवण्याचा प्रघात पाडला. विक्रीपूर्वी प्रत्येक बाटली उघडून, गाळ मागे ठेवून, वाइन नव्या बाटलीत भरली जाई. मोन्फोर्ते गावच्या जाकोमो कोन्तेर्नो यांनी पहिल्या महायुद्धानंतर, जेव्हा बहुतेक बारोलो पिंपांतून किंवा वेताच्या आवरणातल्या मोठ्या काचेच्या घड्यांतून सुटी विकली जात होती आणि गिऱ्हाइकाला ती लवकर प्यायची असे, तेव्हा ‘मोन्फोर्तीनो’ ही दीर्घकाळ मुरवण्याची वाइन बाटलीबंद करण्यास आरंभ केला. आज संग्राहकांच्या यादीत तिचे स्थान सर्वांत वर असते.

१९६६ मध्ये बारोलोला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि किमान तीन वर्षे मुरवल्याशिवाय हे नाव वापरता येणार नाही असा नियम झाला. १९८० मध्ये तिला त्याहून वरची श्रेणी देण्यात आली. सध्याच्या नियमानुसार साधी बारोलो ३८ महिने, त्यांपैकी १८ लाकडात, आणि ‘रिझेर्व्हा’ म्हणवणारी ६२ महिने मुरवावी लागते. एके काळी जे उमरावांचे चैनीचे थांबणे होते, ते अशा रीतीने प्रत्येक उत्पादकाचे कर्तव्य झाले. १९७० नंतर शेतकऱ्यांची मुले द्राक्षे विकण्याऐवजी स्वतःच वाइन भरू लागली, आणि हा भार तिजोरी रिकामी असलेल्या घरांवरही आला. १९८३ मध्ये एलिओ आल्तारे या तरुण उत्पादकाने वडिलांची जुनी पिंपे यंत्रकरवतीने कापून २२५ लिटरची छोटी फ्रेंच पिंपे आणली. त्याच्यासारख्यांना साली थोडेच दिवस भिजवून, लवकर पिण्याजोगी होणारी बारोलो करायची होती. जुन्या रीतीच्या पुरस्कर्त्यांनी, विशेषतः बार्तोलो मास्कारेल्लो यांनी, त्याला कडवा विरोध केला. या वादाचे वर्णन पुष्कळदा रुचीचा वाद म्हणून केले जाते, पण तरुणांच्या घाईमागे आल्बाच्या चौकातल्या संध्याकाळची आठवणही होती, हे विसरल्यास त्यांच्यावर अन्याय होईल.

जुन्या बाटलीची पारख हे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. बूच वाळून आकसले की वाइन झिरपते व हवा आत शिरते, म्हणून बाटली थंड, अंधाऱ्या, ओलसर तळघरात आडवी ठेवतात आणि विकत घेताना मानेतली पातळी प्रथम पाहतात. उघडण्यापूर्वी ती एक-दोन दिवस उभी ठेवून गाळ तळाशी बसू देतात आणि नंतर दिव्याच्या उजेडात, हात न हलवता, वाइन दुसऱ्या पात्रात ओततात. १९५८, १९६१, १९६४, १९७१ आणि १९७८ ही वर्षे विशेष मानली जातात, पण बाटली खरोखर त्या वर्षाची आहे हे ठरवणे सोपे नसते, कारण पूर्वी वर्ष मुख्य लेबलावर न छापता मानेवरच्या छोट्या चिठ्ठीवर छापत आणि तळघराच्या दमट हवेत ती चिठ्ठी गळून पडे. मग इतर खुणा शोधाव्या लागतात. जुन्या बाटल्यांत ७५ ऐवजी ७२ सेंटिलिटर वाइन असे. आणि खांद्यावर ‘आल्बेइझा’ हा शब्द उठावात कोरलेली बाटली रेनातो रात्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रचारात आणली, तेव्हा तो शब्द असलेली बाटली त्याआधीची असू शकत नाही. विशिष्ट मळ्याचे नाव लेबलावर घालण्याची रीत १९६१ च्या हंगामापासून, प्रुनोत्तो आणि व्हियेत्ती या उत्पादकांच्या बाटल्यांनी, सुरू झाली. त्यापूर्वीच्या बहुतेक बाटल्यांवर वाइन भरणाऱ्या घराण्याचे नाव, त्याची पदके आणि राजघराण्याची चिन्हे सापडतात; द्राक्षे कोणत्या उतारावरची होती आणि ती गाडीत भरून कोणी आणली होती, हे त्यांवर सहसा लिहिलेले नसते.